हिंदुरावांची हिरवी गाडी

सोलापूर,
९ फेब्रुवारी १९७५

ती. सुंदरम्मा मावशीस,
शिवपुत्रचा शरणार्थ.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा कळवतोय. मी मोटार घेतली. फियाट नव्हे, अँबॅसिडर नव्हे. एम. जी. म्हणतात तिला. विलायती, सत्तेचाळीस सालची, दोनच माणसांची. रंग गर्द हिरवा, चाकांना सायकलीसारख्या तारा, टप कापडी आणि पुढची काच पार आडवी पाडता येते. सोलापुरात अशी दुसरी नाही. काल गिरणीच्या गेटवर उभी केली, तर पाळी सुटलेली माणसं घरी जायची विसरली. खात्यात माझ्या हाताखाली असलेला सिद्धप्पा म्हणाला, "मास्तर, हिला बघून जेवण झालं."

गाडी सांगोल्याकडची आहे. तू तिथल्या सरकारी दवाखान्यात इतकी वर्षं नर्स होतीस, म्हणून विचारतो. हिचा पहिला मालक इथल्या गिरणीतला एक इंग्रज इंजिनियर. तो मायदेशी जाताना हिंदुराव नावाच्या बागायतदारानं ती घेतली. हिंदुराव दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा बाळासो, त्यानं मला विकली. तो सांगतो, वडिलांचा गाडीवर इतका जीव, की नंतर नंतर त्यांनी ती उन्हातसुद्धा काढली नाही. वीस वर्षं शेडमध्ये ठेवून रोज स्वतःच्या हातानं पुसली. खरंच असणार, कारण गाडीवर ओरखडा नाही.

अशा गाडीचा इतिहास माहीत असावा, म्हणून हिच्या मालकांची हकीकत गोळा करतोय. तुला हिंदुराव आठवतात का? पाडव्याला मैंदर्गीला येतो आणि तुला गाडीत बसवून अक्कलकोटला नेतो. पाय दुखतो म्हणून नाही म्हणायचं नाही.

तुझा
शिवपुत्र


मैंदर्गी,
१७ फेब्रुवारी १९७५

चि. शिवपुत्र यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. हिंदुरावाला मी पाहिलेलं आहे. सांगण्यासारखं काही नाही.

गाडी इकडे आणू नकोस. रस्ता खराब आहे आणि मला मोटारीत बसायचं नाही. तुला मोटारच हवी असेल तर ही विकून टाक आणि दुसरी घे, साधी, चार माणसांची. एवढं माझं ऐक. त्या बाळासोशीही फार घसट ठेवू नकोस.

थंडी गेली तरी पायाचं दुखणं जात नाही. बाकी ठीक.

सुंदरम्मा


सोलापूर,
२ मार्च १९७५

ती. मावशीस शरणार्थ.

तुझ्या पत्रानं वाईट वाटलं. तुला ही चैन वाटते, हे मी समजू शकतो. तू आयुष्यभर दोन पांढऱ्या लुगड्यांवर काढलंस. पण मी कुणाचं बुडवून गाडी घेतलेली नाही. आणि बाळासो चांगला माणूस आहे. जरा मोठ्यानं बोलतो, इतकंच.

येत्या रविवारी त्यानं मला गाडी घेऊन सांगोल्याला बोलावलंय. म्हणतो, बाजाराचा दिवस आहे, सगळा तालुका येतो, आमच्या आबांची गाडी लोकांना पुन्हा एकदा बघू दे. गाडीचं मूळचं हँडलही त्याच्याकडेच राहिलंय, इंजिन फिरवायचं, लोखंडी. तेही देणार आहे. ते मिळालं की गाडी पुरी झाली.

येताना तुला सांगोल्याची मेथी आणीन. राग सोड.

शिवपुत्र


मैंदर्गी,
६ मार्च १९७५

चि. शिवपुत्र,

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडू दे, एवढंच सिद्धेश्वराला मागते. सांगोल्याला जाऊ नकोस. गाडी घेऊन तर नाहीच नाही.

तुला इतिहास हवा होता ना, तर वाच.

बावन्न सालचा दुष्काळ होता. सांगोल्याच्या अलीकडे सडकेला लागून एक विहीर होती, तिला तेवढं पाणी टिकून होतं. बिरप्पा नावाचा मेंढपाळ, पंचविशीतला, आपल्या बायकोबरोबर मेंढरं पाजून सडक ओलांडत होता. मागून हिंदुराव या गाडीतून आला. त्यानं भोंगा वाजवला. मेंढरं भोंग्याला काय समजणार, ती आणखी दाटली. त्यानं गाडी थांबवली नाही. तशीच आत घातली.

बिरप्पा आडवा झाला. म्हणाला, "आबासाब, मुकी जनावरं हायती की." हिंदुराव खाली उतरला, सीटमागचं लोखंडी हँडल काढलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. पडल्यावरही मारत राहिला. बायको पायाला मिठी मारून बसली तर तिच्या पाठीवर मारलं. तिचं नाव केराबाई. मग गाडीकडे बघितलं. बोनेटवर रक्त उडालं होतं, मेंढरांचं आणि बिरप्पाचं. तो तिला म्हणाला, "पूस." नवरा बाजूला तडफडत असताना त्यानं तिच्याकडून बोनेट पुसून घेतलं, तिच्याच पदरानं. मनासारखं होईपर्यंत पुसून घेतलं.

हे मला केराबाईनं सांगितलं, त्याच दिवशी, दवाखान्यात. बिरप्पाला बैलगाडीत घालून आणलं होतं. त्याचं डोकं मी माझ्या मांडीवर धरलं होतं. हाताला हाड लागत नव्हतं. तो दिवस मावळायच्या आत गेला. केराबाईचा तो पदर मी पाहिला आहे, शिवपुत्र. वाळून पापडासारखा कडक झाला होता.

खटला झाला. सडकेवर माणसं होती, पण सगळी हिंदुरावाच्या मळ्यावर राबणारी. एकेक करून म्हणाली, आम्ही पाहिलं नाही. केराबाई आणि मी, दोघीच बोललो. तो सुटला. जप्त केलेली गाडी आणि ते हँडल त्याला परत मिळालं. तेच हँडल बाळासो तुला देणार आहे.

बिरप्पाचा भाऊ धोंडीराम अजून आहे. केराबाईही आहे. त्या बाजारात त्यांची माणसं असतात. तुला कुणी ओळखत नाही, पण गाडीला सगळे ओळखतात.

जाऊ नकोस.

सुंदरम्मा


सोलापूर,
२९ मार्च १९७५

मावशी,

अक्षर माझंच आहे, डाव्या हाताचं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं. अजून इस्पितळातच आहे.

तुझं पत्र मी निघाल्यावर आलं. ते शेजाऱ्यांनी इथं आणून दिलं.

सांगोल्यात शिरेपर्यंत सगळं छान होतं. बाळासो शेजारी बसला होता, काच पाडलेली, लोक बघत होते. मला वाटलं, कौतुकानं बघतायत. बाजाराच्या मैदानाशी आलो तर कुणीच बोलेना. रुमालाखाली बोटं धरून मेंढ्यांचा सौदा करणाऱ्यांनी हात सोडले आणि नुसते उभे राहिले. एक म्हातारा कुऱ्हाड घेऊन गाडीपुढे आला. बाळासो मला म्हणाला, "थांबू नका. अंगावर घाला." मी ब्रेक दाबला.

म्हातारा बाळासोला म्हणाला, "हिंदुरावाचं पोरगं का तू? गाडी भाईर काढायची न्हाय म्हनून तुज्या बाला सांगितलं हुतं."

बाळासोनं हँडल घेऊन खाली उडी मारली, त्याला आवरायला मीही उतरलो. म्हाताऱ्याच्या मागून एक बाई पुढे येत होती, नुसती हात जोडून. काहीतरी समजवायला आली असेल. त्यानं पहिला तडाखा तिला मारला, खांद्यावर. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. म्हाताऱ्यानं कुऱ्हाड उचलली तसा बाळासो माझ्यामागे सरला. मी हात वर केला. दुखलं नाही आधी. नुसता हात हलका झाला.

मग गर्दी पडली. बाळासो पळाला. माझ्यावर लाथा, दगड, काठ्या. तोंडात माती आणि दात. मी मरणार हे मला स्पष्ट कळलं. तेवढ्यात ती बाई माझ्या अंगावर आडवी पडली, मोडक्या खांद्यानिशी. म्हणत होती, "ह्यो त्यो न्हाय. आरं बघा तरी, ह्यो त्यो न्हाय." तिलाही दोनचार बसले. मग हात थांबले.

तिनं विचारलं, "कुनाचा रं तू?"

मी म्हणालो, "मैंदर्गीच्या सुंदरम्माचा भाचा."

तिनं माझा तुटका हात उचलला. माझा हात पदरात बांधता बांधता म्हणाली, "ज्या गाडीनं नर्सबाईचा पाय मोडला, ती गाडी बाईच्या भाच्यानं आनली."

मावशी, आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की तू बैलगाडीतून पडलीस. खरं काय?

बाळासो रोज मोसंबी घेऊन येतो. म्हणतो, जबाबात धोंडीरामची कुऱ्हाड सांगा, खुनाचा प्रयत्न म्हणून तो आयुष्यभर आत जाईल. हँडलचं तेवढं बोलू नका, ती बाई गर्दीत पडली म्हणा. मी मोसंबी खात नाही, पण त्याला हाकलूनही देत नाही. खरं सांगतो, माझ्या मनात फक्त तो म्हातारा आहे. मी त्याचं काय केलं होतं? झोपेत त्याची मान माझ्या हातात येते आणि तेव्हा पाचही बोटं असतात.

जबाब पुढच्या आठवड्यात.

शिवपुत्र


मैंदर्गी,
३ एप्रिल १९७५

शिवपुत्र, बाळा,

तुझं पत्र तीनदा खाली ठेवलं. मी लगेच निघणार होते, पण पायानं दोन दिवस उठू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात येते.

बैलगाडी नव्हती. हिंदुराव खटल्यातून सुटल्यावर महिन्याभरानं मी बाळंतपण उरकून पायी दवाखान्यात परतत होते. भरदुपार होती. मागून गाडी आली. मी कडेला झाले, तर गाडीही कडेला आली. मी बाभळीला टेकले, पुढं जागा नव्हती. त्यानं मला झाडाशी दाबलं. मग गाडी थोडी मागे घेतली. मी खाली पडले तेव्हा पुन्हा पुढे घेतली, पायावरून. बसल्या जागेवरून म्हणाला, "आता कोर्टात चालत जा."

घरी सांगितलं असतं तर तुझ्या आजोबांनी मला नोकरीवरून उचलून आणलं असतं. आणि तुझा बाप कोयता घेऊन सांगोल्याला गेला असता. तुम्ही तेव्हा लहान होतात. म्हणून बैलगाडी.

पण सांगोल्यात लपलं नाही. पुढच्याच बाजारात धोंडीरामनं हिंदुरावाला या गाडीतून केसाला धरून बाहेर ओढलं. त्याचा एक डोळा फोडला. दुसराही फोडणार होता, लोकांनी धरलं. म्हणाला, "गाडी परत सडकंवर दिसली तर ह्यो बी काढीन." त्यापायी त्याला पाच वर्षांची सजा झाली. आणि हिंदुरावानं गाडी शेडमध्ये घातली ती कायमची. ती जीव लावून ठेवलेली गाडी नाही, शिवपुत्र. ती भिऊन ठेवलेली आहे.

तेव्हा मी तुला काय सांगू? ज्यानं तुझी बोटं तोडली, तो माझ्या पायासाठी तुरुंगात गेला होता. जिला मी एकदा मलमपट्टी केली तिनं तुला अंगाखाली घेऊन वाचवलं. मला धोंडीराम पुन्हा आत जायला नको आहे. पण तू खोटं बोलावंस असंही मी सांगणार नाही. त्यानं कुऱ्हाड मारली, ते सांग. बाळासोनं आधी केराबाईला मारलं, तेही सांग, त्याच तोंडानं. सडकेवरच्या त्या माणसांसारखं 'पाहिलं नाही' म्हणू नकोस. तेवढं केलंस तर पुरे.

मोसंबी परत कर.

सुंदरम्मा


सोलापूर,
११ जानेवारी १९७६

ती. मावशीस शरणार्थ.

गेल्या महिन्यात निकाल लागला. धोंडीरामला तीन वर्षं, बाळासोला दीड. वकील म्हणाले, हँडलची साक्ष नसती तर म्हातारा दहा वर्षं सुटला नसता आणि बाळासो घरी गेला असता.

तुला कळवलं नव्हतं, दिवाळीच्या आधी बाळासोची माणसं मला गिरणीच्या वाटेवर भेटली. साक्ष बदल म्हणाली. नाक मोडलं, दोन बरगड्या गेल्या. मारताना त्यातला एक सारखा म्हणत होता, "मास्तर, मला तुमचा राग न्हाय, पर काय करणार?" तेव्हा मला बिरप्पाच्या खटल्यातले साक्षीदार समजले. समजले म्हणजे माफ झाले असं नव्हे.

कोर्टात धोंडीराम माझ्या हाताकडे बघत होता. बाहेर नेताना पोलिसांना थांबवून म्हणाला, "मास्तर, कुराड तुमच्यासाटी न्हवती." मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

गाडी मला परत मिळाली. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली धुळीत उभी होती. ओरखडा नाही. मी जवळ गेलो आणि नकळत रुमाल काढून बोनेट पुसायला लागलो. पुसता पुसता हात थांबला. मावशी, ती मला अजून आवडते. एवढं सगळं होऊनही ती उभी असली की डोळे तिच्याकडेच जातात. हेच मला सहन होईना.

जाळावी असं मनात आलं. पण जाळायचा हक्क माझा नव्हता, माझा तर नुसता शौक होता. मग ड्रायव्हर घेऊन थेट केराबाईच्या वस्तीवर गेलो. तिला म्हणालो, ही तुझ्या नावावर करून देतो. ती म्हणाली, "मला काय करायचं त्या मड्याचं?" मी म्हणालो, "ते तू ठरव. तुझ्या नावावर असली म्हणजे तिचं काहीही केलंस तरी कुणाला तुझ्यावर खटला घालता येणार नाही." तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "अंगठा कुटं करायचा?"

परवा कागद झाले. केराबाई आता मालकीण आहे.

शिवपुत्र


ता. सांगोला,
२ फेब्रुवारी १९७६

नर्सबाईस केराबाईचा रामराम. पत्र शाळेचे मास्तर लिवत्यात, मी बोलती तसं लिवा म्हनलं हाय.

बाई, तुमच्या भाच्यानं गाडी दिली. आमी ती त्या हिरीपाशी नेली, सडकंला, जितं माजा धनी पडला तितं. ढकलत नेली. दिवसाढवळ्या, समद्यांम्होरं. बाप्यास्नी म्हनलं, तुमी लांब बसा. भाऊजी तुरुंगात हायेत, आता आनी कोन जायचं न्हाय. गाडी माजी हाय, मीच काय ती करनार.

मी घन घेतला. खांदा नीट बसला न्हाय, हात वर जात न्हाय, पर त्या दिशी गेला. पयली काच फोडली. मग दिवं. मग माज्या जावा आल्या, शेजारची म्हाळसाबाई आली, जिची मेंढरं तवा मेली हुती ती म्हातारी बजाबाई आली काठी टेकत. कुनी लोखंडाची पार घेतली, कुनी दगुड. सीटा फाडल्या, चाकं तोडली. हात सोलपाटलं तरी कुनी थांबंना. सडकंवरनं येस्टी गेली, ती थांबली, लोक खाली उतारलं आनी बगत ऱ्हायलं. त्यात त्यो एक म्हातारा हुता, ज्यानं कोर्टात बगितलं न्हाय म्हनलं हुतं. त्यो खाली बसून रडाय लागला. मी त्येला गप म्हनलं न्हाय. रडू दे की.

खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

पर बोनेट ऱ्हायलंय. मी कुनाला हात लावू दिला न्हाय. एकलीनं फोडायचं जीवावर आलं. माज्या धन्याचं डोस्कं तुमच्या मांडीवर हुतं, कोर्टात बी आपुन दोगीच हुतो. तवा तुमी या. तुमी आल्याबिगर त्येला घाव घालनार न्हाय.

तुमच्या पायाला चालवत नसंल तर पोरं बाजंवर घालून आनतील.

केराबाई बिरप्पा, हिचा अंगठा


मैंदर्गी,
२० फेब्रुवारी १९७६

चि. शिवपुत्र यास अनेक आशीर्वाद.

मी सांगोल्याला जाऊन आले. बाजेची गरज पडली नाही, एस.टी.च्या थांब्यापासून केराबाईच्या आधारानं चालत गेले. वाटेत ती बाभळ लागली नाही, कधीतरी तोडली असावी.

बोनेट विहिरीशी तसंच ठेवलं होतं, उघड्या जमिनीवर, पालथं. बाकी काही उरलेलं नव्हतं, भंगारवाल्यानं नेलं. केराबाईनं पहिला घाव मला घालायला सांगितला. मी आयुष्यभर माणसं जोडायचं काम केलं, जखमा शिवल्या, नाळा कापल्या. मला वाटलं, एक घाव नावाला घालीन आणि घण तिच्या हातात देईन.

पहिला घाव घसरला. दुसरा बसला. पत्रा आत गेला तसा जो आवाज झाला, त्यानं माझ्या अंगात काहीतरी सुटलं. मी बोलत होते म्हणे. काय ते मला आठवत नाही. केराबाई सांगते, मी कानडीत शिव्या देत होते. मला शिव्या येतात हे मला ठाऊक नव्हतं. पाय दुखतोय, श्वास पुरत नाही, लुगडं सुटलंय, कशाचं भान नाही. केराबाई समोरून पहारेनं मारत होती, मी इकडून घणानं. तिचा घाव, माझा घाव. हिरवा रंग उडून आमच्या तोंडावर येत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. तिनं केव्हाच पहार टाकली होती आणि मला ते दिसलंही नव्हतं.

शेवटी तिनं मागून माझ्या दोन्ही कोपरांना धरलं आणि घण हळूच काढून घेतला.

म्हणाली, "बास करा बाई. पत्रा कवाच संपला. तुमी भुईला मारताय."

सुंदरम्मा